छोट्या कारखान्यात निर्वाह वेतन कसे ठरवावे
किमान वेतनाचा आकडा शासन ठरवते. परंतु संविधानाच्या अनुच्छेद ४३ मधील निर्वाह वेतन, म्हणजे कामगाराच्या कुटुंबाला सन्मानाने जगता येईल इतका पगार, मालकाने स्वतः काढावा लागतो. त्यासाठी १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतनासाठी सांगितलेली रीत सुरुवात म्हणून आजही उपयोगी आहे. एका कमावत्या माणसामागे तीन उपभोग एकके (बायको-मुलांची गरज कमी धरून चौघांच्या कुटुंबाला तीन प्रौढांइतके) धरून अन्न, चौघांसाठी वर्षाला ७२ यार्ड कापड आणि घरभाडे यांचा मासिक खर्च आपल्या गावच्या बाजारभावाने मांडावा. इंधन, वीज व किरकोळ बाबींचे २० टक्के आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये जोडलेले शिक्षण, औषधोपचार इत्यादींचे २५ टक्के हे एकूण वेतनाचे भाग असल्याने अन्न, कापड व घरभाड्याची पहिली बेरीज म्हणजे वेतनाचे उरलेले ५५ टक्के; म्हणून ती ०.५५ ने भागावी. ती ११,००० रुपये असेल, तर वेतन २०,००० रुपये येते.

आकडा पाहून दचकू नये. कोल्हापूरच्या एखाद्या फाउंड्रीत साचे करणारा हात तयार व्हायला वेळ लागतो, आणि तो थोड्या जास्त पगारासाठी शेजारच्या कारखान्यात गेला की नवख्याच्या हातून बाद होणारे ओतीव काम, चुकलेली डिलिव्हरी आणि पुन्हा शिकवण्यात गेलेले दिवस हा सारा खर्च मालकाच्याच माथी पडतो. म्हणून वर्षभरातील खाडे, सोडून गेलेले कामगार, बाद माल आणि दिलेली उचल यांची नोंद आधी करावी. माझ्या मते वेतनवाढीचा निर्णय या नोंदीशेजारी ठेवूनच घ्यावा. वाढ एकदम झेपत नसेल, तर टप्पे ठरवून त्यांच्या तारखा कामगारांना लेखी द्याव्यात.