सब्लिमेशन छपाई शिकताना: शब्द, साधने आणि फसलेले नमुने

सब्लिमेशन छपाई शिकायला सुरुवात केली तेव्हा यंत्रांपेक्षा शब्दांनीच मला अधिक अडवले. या छपाईत चित्र आधी खास शाईने कागदावर छापतात आणि नंतर हीट प्रेस, म्हणजे तापवून दाबणाऱ्या यंत्राने, ते कपड्यावर किंवा वस्तूवर उतरवतात. ब्लँक, मिरर, प्रोफाइल, घोस्टिंग हे शब्द जाणकारांच्या बोलण्यात सहज येत आणि मी नुसती मान हलवत असे. पुढे लक्षात आले की यांतील बहुतेक शब्द एकाच घटनेभोवती फिरतात, आणि ती घटना म्हणजे शाळेत कापराच्या प्रयोगात पाहिलेले संप्लवन, अर्थात स्थायूचे द्रव न होता थेट वायूत होणारे रूपांतर. या शाईतील रंगद्रव्य साधारण १८० ते २१० अंश सेल्सिअसला वायुरूप होते, त्याच उष्णतेने सैल झालेल्या पॉलिएस्टरच्या आत शिरते आणि वस्तू निवली की तिथेच अडकून राहते. म्हणूनच अशा छपाईवर बोट फिरवले तर चित्राचा थर हाताला लागत नाही.

हे ठाऊक नसल्यामुळे मी पहिला नमुना सुती टी-शर्टवर केला. प्रेसमधून काढताना तो सुरेख दिसला, पण पहिल्याच धुण्यात चित्र जवळजवळ निघून गेले, कारण सुती धाग्यात हा रंग धरून ठेवणारे काहीच नसते. कपडा पॉलिएस्टरचाच हवा. मिश्र कापडात रंग फक्त पॉलिएस्टरच्या धाग्यांवर टिकतो, त्यामुळे चित्र फिके येते. चहाचा मग, धातूचा पत्रा, एमडीएफची म्हणजे लाकडाचे तंतू दाबून बनवलेली पाटी यांवर छापायचे असेल तर त्यांच्यावर पॉलिमरचा लेप असावा लागतो आणि असा लेप देऊन छपाईसाठी तयार केलेल्या कोऱ्या वस्तूला ब्लँक म्हणतात. स्वयंपाकघरातला साधा मग यासाठी चालत नाही. या पद्धतीत पांढरी शाईही नसते. चित्रातला पांढरा भाग म्हणजे खालच्या वस्तूचाच रंग असतो, म्हणून वस्तू पांढरी किंवा अगदी फिकट निवडावी लागते.

प्रिंटरविषयी एकच गोष्ट नीट समजून घ्यावी. काही इंकजेट प्रिंटर शाई तापवून तिचा थेंब बाहेर फेकतात, तर पिएझो प्रकारात विजेच्या इशाऱ्यावर आकार बदलणारा स्फटिक शाईला ढकलतो. उष्णतेने वायू होणाऱ्या रंगासाठी हा दुसरा प्रकारच योग्य ठरतो. त्या प्रिंटरमध्ये साधी शाई पुन्हा भरू नये, कारण नळ्यांत उरलेली शाई मिसळून रंग बिघडतात. प्रिंटर बरेच दिवस बंद राहिला तर नोझल, म्हणजे शाईची सूक्ष्म छिद्रे, सुकून बुजतात; म्हणून मी दर दोन-तीन दिवसांनी नोझल चेकचे पान काढते आणि त्यावरची एखादी बारीक रेघ तुटलेली दिसली तर सफाई केल्याशिवाय काम सुरू करत नाही.

कागद सब्लिमेशनचाच घ्यावा, कारण त्याचा लेप शाईला खोल मुरू देत नाही आणि तापल्यावर ती सोडून देतो. चित्र मिरर, म्हणजे आरशातल्यासारखे उलटे छापावे. अक्षरे असतील तर हे विसरल्याची शिक्षा लगेच मिळते. कागदावर रंग मरगळलेले दिसतात, काळा तर कधी हिरवट वाटतो. शाई खराब आहे असे समजून मी सुरुवातीला चांगले कागद टाकून दिले होते, पण खरा रंग उष्णता लागल्यावरच खुलतो. तरीही तो पडद्यावरच्या रंगाशी जुळत नसेल तर रंगांचे प्रोफाइल, म्हणजे रंग कसे छापायचे हे प्रिंटरला सांगणारी फाइल, तपासावे. ते त्या विशिष्ट प्रिंटर, शाई आणि कागदासाठी बनवलेले असते.

हीट प्रेसमध्ये तापमान, वेळ आणि दाब या तीन गोष्टी सांभाळायच्या असतात. क्लॅमशेल प्रेस शिंपल्यासारखी उघडते आणि कमी जागा घेते. स्विंग-अवे प्रेसचा तापलेला भाग बाजूला फिरतो, त्यामुळे वस्तू मांडताना हात सुरक्षित राहतो. मगसाठी गोलाकार प्रेस वेगळी मिळते. पॉलिएस्टरच्या टी-शर्टला मी सुमारे २०० अंशांवर ४५ ते ६० सेकंद आणि मध्यम दाब देते, मगला मात्र काही मिनिटे लागतात. नवीन ब्लँक घेतल्यावर त्याच्यासोबतची सूचना आधी वाचावी.

घोस्टिंग म्हणजे काय, हे मला एका मगाने शिकवले. उष्णतारोधक टेप घाईत एकाच बाजूला लावली होती. प्रेस उघडताना कागद केसभर सरकला आणि अजून वायुरूप असलेला रंग शेजारी पुन्हा उमटला. फुलाच्या प्रत्येक पाकळीला धुरकट सावली जडली. तेव्हापासून मी कागद ताणून, दोन्ही कडांना टेप लावूनच बांधते आणि काढताना तो एका झटक्यात, सरळ वर उचलते.

लहान वाटणाऱ्या काही सवयी मला सर्वांत मोलाच्या वाटतात. कापड छापण्याआधी चिकट रोलरने पुसून घ्यावे, कारण डोळ्याला न दिसणारा रंगीत धागा उष्णतेने ठळक निळा ठिपका सोडतो आणि तो पुन्हा निघत नाही. त्यानंतर कापड काही सेकंद नुसतेच प्रेसखाली दाबून ओलावा काढावा, नाहीतर रंग डागाळतो. वर-खाली कोरा संरक्षक कागद ठेवावा आणि तो दर वेळी बदलावा. मागच्या कामाचा त्यात मुरलेला रंग पुढच्या कपड्यावर उतरतो. तापलेल्या शाईची वाफ नाकात जाऊ नये म्हणून मी खिडकी उघडी ठेवूनच प्रेस चालू करते.