सीबीसीचा (रक्तपेशींच्या तपासणीचा) रिपोर्ट हातात आला की आधी काय बघायचं

नवीन इंटर्न लोकांची एक सवय असते, रिपोर्ट आला की ठळक छापलेले आकडे तेवढे शोधायचे. तसं नका करू. आधी सॅम्पल नीट घेतलंय का ते बघा. सलाईन चालू असलेल्या हातातूनच रक्त काढलं की हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट सगळंच एकदम खाली येतं आणि कालचं 12 आज 8 कसं झालं म्हणून आपण ब्लीडिंग शोधत बसतो. हिमोग्लोबिन गुणिले 3 साधारण हिमॅटोक्रिटएवढं (रक्तात लाल पेशी किती टक्के तो आकडा) येतं, फार फरक असेल तर लॅबला फोन लावा. सलाईनची भेसळ मात्र या गणितात सापडत नाही, त्यासाठी सिस्टरनाच विचारावं लागतं.

हिमोग्लोबिन बाईचं 12 च्या खाली, पुरुषाचं 13 च्या, गरोदर असेल तर 11 च्या खाली म्हणजे कमी. मग एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार. तो 80 च्या खाली दिसला की सगळे लोहाच्या गोळ्या लिहून मोकळे होतात, शेजारचा आरबीसी काउंट (लाल पेशींची संख्या, दशलक्षांत) कोणी बघतच नाही. समजा एका पोरीचं हिमोग्लोबिन 11, एमसीव्ही 64 आणि आरबीसी 5.6. रक्त कमी आणि पेशी मात्र भरपूर? 64 ला 5.6 ने भागा, साडेअकराच्या आसपास येतं. 13 च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष) डोक्यात यायलाच हवा, नाहीतर ती पोरगी सहा-सहा महिने गोळ्या खात राहते आणि आपण तिलाच ओरडतो की तू गोळ्या घेतच नाहीस. अर्थात हा अंदाज झाला, खात्री एचपीएलसीने (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) करायची, सोबत फेरिटिनही (लोहाचा साठा) करा, कारण लोह कमी असलं की ए2 (थॅलेसेमिया मायनरमधे वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार) खोटं नॉर्मल दिसू शकतं. पेशंट विदर्भ किंवा नंदुरबारकडचा असेल तर सिकलसेलही एचपीएलसीतच कळतं.

आणि एमसीव्ही 88 आला म्हणून खूश होऊ नका. लोह आणि बी12 दोन्ही कमी असले की लहान-मोठ्या पेशींची सरासरी बरोबर मधे येते, तेव्हा वाढलेला आरडीडब्ल्यूच (पेशींच्या आकारातल्या फरकाचा आकडा) चोर पकडून देतो.

पांढऱ्या पेशींत टक्क्यांवर जाऊ नका. लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) 70 टक्के वाचून घाम फुटतो, पण एकूण पेशी 3000 असतील तर ते 2100 च झाले, म्हणजे नॉर्मल. खरी भानगड न्यूट्रोफिलची (पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार), 25 टक्के म्हणजे फक्त 750.

प्लेटलेट 40,000 आणि पेशंट मस्त चहा पितोय, अंगावर एक डाग नाही, तर स्लाइड बघायला सांगा. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या ईडीटीएने (रक्त गोठू न देणारं रसायन) काहींच्या प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि मशीन त्या मोजत नाही. निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमधे परत पाठवा, आलेल्या आकड्याला 1.1 ने गुणा.

डेंग्यूत नातेवाईक प्लेटलेटचाच आकडा विचारत राहतात, तुम्ही हिमॅटोक्रिट बघा. 38 चा 46 झाला म्हणजे 20 टक्क्यांच्या वर गेला, प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) रक्तवाहिन्यांबाहेर गळतोय. हे बहुतेक ताप उतरताना होतं, घरचे डिस्चार्ज मागतात नेमकं तेव्हा, म्हणून त्या दिवशीचा सीबीसी अजिबात चुकवू नका.