पेशंट पूर्ण जोर लावतोय का, हे कसं बघायचं

कंबरेला किंवा हाताला लागल्यावर माणूस परत कामावर जाऊ शकेल का हे तपासायला त्याला आपल्यासारख्या थेरपिस्टकडे पाठवतात, आणि पाठवणाऱ्याला बहुतेक वेळा एकच उत्तर हवं असतं, हा नाटक करतोय का. ते आपल्या टेस्टमधून कळत नाही. जोर पूर्ण लागला की नाही याचा अंदाज मात्र येतो, आणि तो नीट घेतला पाहिजे कारण समोरच्याची नोकरी त्यावर असते.

आधी ग्रिप, म्हणजे मुठीचा जोर. खुर्चीत बसवा, कोपर 90 अंशात, जामार डायनॅमोमीटरचं (मुठीचा जोर मोजायचं यंत्र, हँडलच्या रुंदीच्या पाच पोझिशन असतात) हँडल दुसऱ्या पोझिशनला, तीनदा दाबायला सांगा, मध्ये दम घेऊ द्या. सूचना दर वेळी त्याच शब्दांत, त्याच आवाजात. मग तीन आकड्यांचा सीव्ही काढतात, म्हणजे आकडे सरासरीच्या मानाने किती मागेपुढे झाले ते (स्टँडर्ड डेव्हिएशन भागिले सरासरी गुणिले 100), आणि 15 टक्क्यांच्या वर गेला की बरेच जण लगेच "जोर लावत नाही" असा शेरा मारतात. थांबा जरा. 38, 40, 42 किलो आले तर सीव्ही 5 टक्के. 8, 10, 12 आले तर 20 टक्के! फरक दोन्हीकडे दोन-दोन किलोचाच, पण हात मुळातच कमजोर म्हणून आकडा फुगला. हँडलच्या पाचही पोझिशनला दाबायला लावून काढलेल्या ग्राफचं तेच, पूर्ण जोर असेल तर मध्ये उंचवटा येतो, पण खरोखर अशक्त हाताचाही ग्राफ सपाट येऊ शकतो.

माझा जास्त भरवसा बॉक्स उचलण्यावर. वजन टप्प्याटप्प्याने वाढवा आणि आकड्याकडे नाही, माणसाकडे बघा. वजन झेपेनासं होऊ लागलं की पाय आपोआप फाकतात, खांदे वर जातात, बॉक्स पोटाशी ओढला जातो, अंग मागे झुकतं, हालचाल मंदावते, नाडी चढते. यातलं काहीच दिसत नाही आणि पेशंट "बस" म्हणतो, तर जोर पूर्ण लागलेला नाही. नाडीवर विसंबण्याआधी बीपीच्या गोळ्या विचारा, बीटा ब्लॉकर चालू असेल तर ती फारशी चढतच नाही.

वॅडेलची 1980ची लक्षणं (कंबरदुखीत नुसत्या शारीरिक कारणाने उलगडत नाहीत अशा खुणा) खोटेपणा पकडायला वापरू नका प्लीज, ती त्यासाठी नाहीतच.

जोर कमी वाटला तर सरळ विचारा, "काका, का थांबलात?" दुखतंय, परत चमक भरेल अशी भीती आहे, की सांगितलेलं कळलंच नाही, तिन्ही कारणं खरी असतात. त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

रिपोर्टमध्ये "खोटं बोलतो" हे शब्द नकोत. "10 किलोला स्वतःहून थांबले, नाडी 84, पाय-खांद्यांत ताण दिसला नाही, कारण भीती सांगितलं, 10 किलो ही किमान क्षमता, कमाल ठरवता आली नाही" असं लिहा.