ऑल-इन-वनचा स्क्रीन वारंवार जातोय? पॅनल बदलण्याआधी हे तपासा

ऑल-इन-वन पीसीचा स्क्रीन मधूनच काळा होतो किंवा फ्लिकर होतो, रीस्टार्ट केलं की काही दिवस बरा चालतो आणि पुन्हा तेच. यावर दोन सल्ले हमखास मिळतात: ‘फॉरमॅट मारा’ नाहीतर ‘पॅनल (म्हणजे चित्र दाखवणारा स्क्रीनचा भाग) गेलाय’. दोन्ही बहुधा मशीन न तपासताच दिलेले असतात. साध्या डेस्कटॉपला दुसरा मॉनिटर लावला की निम्मा निकाल लागतो. ऑल-इन-वनमध्ये बोर्ड, केबल, बॅकलाइट (पॅनलला मागून उजेड देणारा दिवा) आणि पॅनल एकाच डब्यात असतात, म्हणून दोष कुठे आहे ते आधी शोधायचं आणि मगच खर्चाचं बोलायचं.

सोपं आधी उरका. प्लग काढून पॉवर बटण 15-20 सेकंद दाबून ठेवा, मग पुन्हा चालू करा. मागच्या जाळ्यांमधली धूळ काढा.

स्क्रीन काळा झाला की विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबा. चित्र परत आलं तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोजला ग्राफिक्स चिप चालवू देणाऱ्या सॉफ्टवेअरवर. फ्लिकर होत असेल तर टास्क मॅनेजर उघडा: तोही फ्लिकर झाला तर ड्रायव्हर, तो स्थिर राहिला तर एखादं ॲप. ड्रायव्हर पीसी बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, आपल्या मॉडेलचाच घ्या. ‘फुकट ड्रायव्हर अपडेटर’ अजिबात नको.

नंतर बायोस (विंडोज सुरू होण्याआधीचा सेटिंग्जचा स्क्रीन) उघडून अर्धा तास तसंच राहू द्या. तिथेही स्क्रीन गेला तर विंडोजचा संबंध नाही, फॉरमॅट मारून काहीही हाती लागणार नाही. बाहेरचा मॉनिटर लावायचा तर पोर्टवर ‘आउट’ लिहिलंय ना ते बघा. काही मॉडेल्सचा एचडीएमआय पोर्ट फक्त ‘इन’ असतो, म्हणजे तो बाहेरचं चित्र आत घेतो, बाहेर पाठवत नाही. त्यात मॉनिटर लावून चित्र आलं नाही म्हणून बोर्डाला दोष देणारे मी पाहिलेत.

आता टॉर्चची चाचणी. इथेच बहुतेकांची फसगत होते, कारण ती चुकीच्या वेळी केली जाते. ती बिघाड चालू असतानाच करायची, म्हणून टॉर्च टेबलावरच ठेवा. वॉलपेपर आधीच पांढरा करा आणि त्यावर मोठे काळे आयकॉन ठेवा. गडद वॉलपेपरवर पॅनल चांगला असूनही काही दिसत नाही आणि निष्कर्ष उलटा निघतो. स्क्रीन गेला की कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो का ते पाहा, म्हणजे मशीन जागं असल्याची खात्री होते. खोलीत अंधार करून टॉर्च काचेजवळ तिरका धरा. पुसट आयकॉन दिसले तर पॅनल चित्र काढतोय, फक्त मागचा उजेड गेलाय. म्हणजे बॅकलाइट, त्याचा फ्यूज, त्याचं सर्किट किंवा केबल. अशा वेळी ‘पॅनल बदला’ म्हणणाऱ्याला मशीन देऊ नका.

उभ्या रेषा येत असतील, रंग बिघडत असेल आणि स्क्रीन किंचित कलवल्यावर त्यात फरक पडत असेल, तर डिस्प्ले केबल सैल असण्याची शक्यता मोठी. वॉरंटी असेल तर मशीन उघडू नका. नसेल तर प्लग काढा, पॉवर बटण दाबून उरलेली वीज जाऊ द्या, मगच हात लावा. कित्येक मॉडेल्समध्ये बॅकलाइटची वीजही याच केबलमधून जाते. वीज असताना कनेक्टर तिरका बसला तर पिना शॉर्ट होऊन फ्यूज उडतो आणि नवीनच बिघाड तयार होतो. तारा ओढू नका. चिकटपट्टी किंवा खटका सोडवून कनेक्टर सरळ काढा. समुद्राजवळच्या दमट हवेत पिना काळवंडतात. त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण सुकल्यावरच जोडा. गंज काढायचे तेलकट स्प्रे नकोत.

एवढं करूनही बायोसमध्ये रेषा तशाच राहिल्या आणि बाहेरच्या मॉनिटरवर चित्र स्वच्छ आलं, तर पॅनल बदला. मात्र पीसीच्या मॉडेलवरून मागवू नका, एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळे पॅनल बसवलेले असतात. पॅनलच्या पाठीवरच्या स्टिकरचा फोटो काढा आणि तोच नंबर मागा.