मंगळाचे हायराइज फोटो नीट कसे वाचावेत

व्हॉट्सॲपवर फिरणारे मंगळाचे फोटो आधी बाजूला ठेवा. कुठून कापलेत, कोणी फिरवलेत, काही कळत नाही. मूळ फोटो फुकट मिळतात. नासाचं मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर हे यान २००६ पासून मंगळाभोवती फिरतंय. त्यावरचा हायराइज कॅमेरा अमेरिकेतलं ॲरिझोना विद्यापीठ चालवतं आणि फोटो आपल्या साइटवर टाकतं. एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे साधारण २५ ते ३० सेंटीमीटर.

सुरुवात व्हिक्टोरिया विवरापासून करा. फोटोचा क्रमांक टी-आर-ए, ०००८७३, १७८०. मधला आकडा यानाच्या फेरीचा. शेवटचे चार आकडे जागा सांगतात: १८०० म्हणजे विषुववृत्त, १७८० म्हणजे त्याच्या २ अंश दक्षिणेला. विवर जेमतेम ८०० मीटरचं आहे, आपल्या मंठ्यापलीकडचं लोणार १.८ किलोमीटरचं. लोणारच्या काठावर उभं राहिलेल्या माणसाला हे माप लगेच कळतं.

मोठी फाइल शेकडो एमबीची असते, पहिल्यांदा छोटी जेपीईजी पुरे. पण घ्यायची ती 'मॅप प्रोजेक्टेड'च, म्हणजे नकाशासारखी बसवलेली.

आता खरी अडचण. खड्डा टेकडीसारखा दिसतो. हमखास दिसतो, आणि एकदा तसा दिसला की डोळा ते सोडत नाही. मलाही हे बराच काळ छळत होतं. 'टक लावून बघा, आपोआप कळेल' हा सल्ला निरुपयोगी आहे. उजेड वरून येतो असं आपला मेंदू धरून चालतो, आणि हे यान बहुतेक फोटो तिथल्या दुपारी तीनच्या सुमारास काढतं, म्हणजे सूर्य पश्चिमेला. मॅप प्रोजेक्टेड फोटोत उत्तर वर असते, म्हणून उजेड डावीकडून येतो. मूळ, न बदललेल्या फोटोत दिशा उलटसुलट असतात, म्हणून नवख्यानं तो घेऊच नये. ध्रुवाजवळच्या फोटोंना हा नियम लागू नाही, तेही सुरुवातीला टाळा.

अंदाजावर राहू नका. फोटोखालच्या माहितीत 'सब-सोलर ॲझिमथ', म्हणजे सूर्याची दिशा सांगणारा आकडा बघा. तो फोटोच्या उजव्या कडेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं मोजतात, म्हणजे १८० च्या आसपास असला की सूर्य डावीकडे. मग डावा उतार सावलीत आणि उजवा उजळ असेल तर तो खड्डा, उलट असेल तर उंचवटा. तरी डोळा ऐकत नसेल तर फोटो काट्याच्या दिशेनं ९० अंश फिरवा. उजेड वर येतो आणि खड्डा खड्ड्यासारखा दिसतो. मुलांना दाखवताना मी फोटो फिरवूनच दाखवते.

त्याच माहितीत सूर्य क्षितिजापासून किती अंश वर होता तेही असतं. सपाट जमिनीवर १० मीटर सावली आणि सूर्य ३० अंशांवर, तर दगडाची उंची साधारण ५.८ मीटर.

रंगीत पट्टा फोटोच्या मधोमधच असतो, आणि ते रंग डोळ्यांना दिसणारे नव्हेत. त्यात इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश मिसळलेला असतो. निळी वाळू म्हणजे पाणी नव्हे. ती बहुधा बेसाल्टची काळी वाळू असते, म्हणजे मराठवाड्याच्या काळ्या पाषाणाच्याच जातीची. 'मंगळावर निळं तळं' असा मजकूर जोडून कोणी हा पट्टा पाठवला, तर तो पुढे पाठवू नका.