सोयाबीन काढण्याआधी उतारा मोजा, पण जागा डोळ्यांनी निवडू नका

पानं गळून शेंगा तपकिरी पडायला लागल्या की घराघरात एकच प्रश्न असतो: यंदा एकरी किती होणार? मजुरांशी ठरवायचा दर, मळणीयंत्राची पाळी, बारदाना, दुकानदाराला दिलेला पैशाचा वायदा, सगळं त्या एका आकड्यावर टांगलेलं असतं. आणि तो आकडा आपण बांधावर उभं राहून सांगतो. मीही दोन वर्षं असाच सांगितला. दोन्ही वर्षी आणलेली पोती रिकामी राहिली, कारण माझी नजर दरवेळी दाट, लगडलेल्या झाडांवरच जाऊन थांबत होती.

म्हणून काढणीच्या चार-पाच दिवस आधी, बहुतेक शेंगांचा रंग बदलला की, शेतातल्या निदान आठ जागांचा नमुना घ्या. जागा नोटांनी ठरवा. खिशातली एक नोट काढा, तिच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे बघा, कोपऱ्यापासून बांधाने तेवढी पावलं चाला. दुसऱ्या नोटेच्या आकड्याएवढी पावलं शेतात आत जा. शेताबाहेर जात असाल तर पुढची नोट घ्या. पोहोचलात तिथे तूट पडलेली असेल, तण माजलेलं असेल, तरी तीच जागा. चार पावलं सरकून ‘बरी’ जागा घेतली की सगळी मेहनत वाया गेली.

४५ सेंटिमीटरवर पेरणी असेल तर २.२२ मीटर तास (पेरणीची ओळ) म्हणजे १ चौरस मीटर. शेजारशेजारच्या दोन तासांत प्रत्येकी १.११ मीटर मोजा, दोन्ही टोकांना काड्या रोवा. ज्या झाडाचं मूळ काड्यांच्या आत, तेच कापायचं. फांदी आत झुकलेली असली तरी मूळ बाहेर असेल तर ते सोडायचं. इथे मी हट्ट धरतो, त्याला कारण आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिलं की, कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. काठावरची झाडं नकळत आत ओढली जातात, आणि तुकडा जितका लहान तितका काठाचा वाटा मोठा. सरकारी पीक कापणी प्रयोगात बऱ्याच पिकांना १० मीटर बाय ५ मीटरचा तुकडा असतो. आपला तुकडा फक्त १ चौरस मीटरचा, म्हणून हद्द काटेकोर पाळा.

प्रत्येक जागेचा माल वेगळ्या पिशवीत ठेवा, उन्हात वाळवून दाणे काढा आणि किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करा. ओल विसरू नका: १८ टक्के ओलीचे २०० ग्रॅम दाणे १२ टक्क्यांवर आले की १८६ ग्रॅमच भरतात.

समजा वाळलेली वजनं ग्रॅममध्ये अशी आली: २१०, १८०, २४०, १५०, १९५, २२५, १६५, २३५. बेरीज १६००, सरासरी २००. एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर, म्हणजे एकरी साधारण ८.१ क्विंटल. बहुतेक जण इथेच थांबतात. पण या सरासरीवर किती भरवसा ठेवायचा, हे वजनांमधला विखुरलेपणा सांगतो. प्रत्येक वजनाचा २०० पासूनचा फरक काढा, त्याचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा: ७७००. त्याला ८ ने नव्हे, ७ ने भागा. सरासरी याच आठ वजनांतून काढलेली असल्यामुळे फरक थोडे कमीच दिसतात, त्याची ही भरपाई. विचरण, म्हणजे विखुरलेपणाचं माप, आलं ११००, त्याचं वर्गमूळ सुमारे ३३. त्याला ८ च्या वर्गमुळाने भागलं की सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे सरासरी साधारण किती चुकू शकते ते, मिळते: ११.७ ग्रॅम. ९५ टक्के भरवशाने सांगायचं तर आठ नमुन्यांसाठी तिला २.३६ ने गुणा: जवळपास २८. म्हणजे खरी सरासरी १७२ ते २२८ ग्रॅमच्या दरम्यान असावी, एकरी सुमारे ७ ते सव्वानऊ क्विंटल.

पोती सव्वानऊच्या हिशेबाने आणा, पैशाचा वायदा सातच्या हिशेबाने करा. ही रुंदी निम्मी करायची तर नमुने चौपट लागतात. आठाचे बत्तीस करायला कुणाला वेळ आहे?

त्यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे जमीन बघून शेताचे भाग पाडणं. भारी जमीन वेगळी, मुरमाड वेगळी. प्रत्येक भागात वेगळे नमुने, वेगळी सरासरी. दोन जमिनींतला मोठा फरक मग त्रुटीत मिसळत नाही. फक्त शेवटी दोन्ही सरासऱ्या सरळ मिळवून दोनाने भागू नका. ३ एकर भारी जमिनीत २३० ग्रॅम आणि १ एकर मुरमाडात १३० ग्रॅम आले, तर ३ एकरांच्या सरासरीला तिप्पट महत्त्व द्यायचं: ६९० अधिक १३०, भागिले ४, म्हणजे २०५. सरळ सरासरी १८० दाखवते. चार एकरांवर हा फरक चार क्विंटलांचा होतो.