अकरावीच्या रसायनशास्त्राचे वर्षभराचे नियोजन कसे करावे

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अकरावी विज्ञान शाखेला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बहुतेक शिक्षकांचे वार्षिक नियोजन जूनमध्येच तयार असते. डावीकडे महिने, उजवीकडे प्रकरणे, आणि पुस्तकात ज्या क्रमाने आली आहेत त्याच क्रमाने ती वर्षभरात वाटून दिलेली. असे नियोजन बहुधा फेब्रुवारीत मोडते आणि मोडते ते नेमके सेंद्रिय रसायनापाशी. २०१९ साली बालभारतीने काढलेल्या पुस्तकात सोळा प्रकरणे आहेत. त्यांतली सेंद्रिय रसायनाची मूलतत्त्वे चौदाव्या आणि हायड्रोकार्बन पंधराव्या क्रमांकावर आहेत. पुस्तकाचा क्रम धरून चालले, तर बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा, बाह्य परीक्षक म्हणून होणाऱ्या नेमणुका आणि पर्यवेक्षणाची कामे ज्या आठवड्यांत येतात, त्याच आठवड्यांत ही दोन प्रकरणे हाती येतात आणि घाईघाईने उरकली जातात. बारावीच्या पुस्तकाचा उत्तरार्ध मात्र हॅलोजन अनुजाते, अल्कोहोल, अल्डिहाइड, कीटोन आणि अमाइन यांनी भरलेला असतो. इलेक्ट्रॉन कुठून कुठे सरकतो हे अकरावीत नीट न समजलेला विद्यार्थी तिथे प्रत्येक अभिक्रिया स्वतंत्रपणे पाठ करतो आणि त्या ओझ्याखाली विषयाची गोडीच हरवून बसतो. म्हणून या लेखातल्या नियोजनाचा पहिला नियम असा आहे की सेंद्रिय रसायन दिवाळीची सुट्टी संपताच सुरू करायचे, आणि बाकीची सारी मांडणी या नियमाभोवती करायची.

आधी तासिका मोजाव्यात

नियोजन महिन्यांत न करता तासिकांत करावे. समजा, आठवड्याला सिद्धांताच्या चार तासिका आणि प्रत्येक तुकडीला प्रात्यक्षिकाचे एक सत्र मिळते. जुलैच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत साधारण ३५ आठवडे होतात. त्यांतून दिवाळीची सुट्टी, गणेशोत्सव, दोन घटक चाचण्या, सत्र परीक्षा, स्नेहसंमेलन आणि क्रीडास्पर्धा, सुटे सण, आणि महाविद्यालय बोर्डाचे केंद्र असेल तर तिथे जाणारे दिवस वजा केले, की हातात जेमतेम २४ आठवडे, म्हणजे ९६ तासिका उरतात. त्यांतल्या बारा तासिका कोणत्याही प्रकरणाच्या नावावर मांडू नयेत. सहा दिवाळीपूर्वी आणि सहा दिवाळीनंतर मोकळ्या ठेवाव्यात, कारण अतिवृष्टीची सुट्टी, शिक्षकांचे प्रशिक्षण, एखाद्या गणितात अडकलेला वर्ग हे सगळे दरवर्षी होतेच. उरलेल्या ८४ तासिका हेच खरे भांडवल होय. आपल्या महाविद्यालयाचे आकडे वेगळे असतील; पण हिशोब मागल्या वर्षी प्रत्यक्षात झालेल्या तासिकांवरून करावा, वेळापत्रकातल्या कागदी तासिकांवरून नव्हे.

दिवाळीपर्यंतची चढण

या ८४ पैकी ३८ तासिका दिवाळीपूर्वी येतात. त्यांत मूलभूत संकल्पना आणि वैश्लेषिक रसायनातील गणिते मिळून बारा, अणुसंरचना आठ, आवर्तसारणी चार, रासायनिक बंध नऊ आणि रेडॉक्स (ऑक्सिडीकरण-क्षपण) अभिक्रिया पाच अशी वाटणी करावी. पुस्तकात आवर्तसारणी रासायनिक बंध आणि रेडॉक्स यांच्यानंतर येते. ती अणुसंरचनेला जोडून आधी घेणे मला अधिक योग्य वाटते, कारण आयनीभवन ऊर्जा आणि विद्युतऋणता यांचे कल माहीत नसताना ध्रुवीय बंध शिकवायचा म्हणजे विद्यार्थ्याला निष्कर्ष आधी आणि कारण नंतर सांगण्यासारखे होते.

जुलैमध्ये वर्ग पूर्ण नसतो. केंद्रीय ऑनलाइन प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतात आणि नवे विद्यार्थी बरेच दिवस येत राहतात. त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत संयुजा, रासायनिक सूत्रे लिहिणे, समीकरणे संतुलित करणे, एककांचे रूपांतर आणि अर्थपूर्ण अंक एवढेच घ्यावे. मोल (कणांच्या संख्येवरून पदार्थ मोजण्याचे एकक) मात्र वर्ग बऱ्यापैकी भरल्यावर सुरू करावा. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांची खरी कसोटी याच दिवसांत लागते. दहावीत आम्लारी, क्षार, संयुजा म्हणून शिकलेल्या गोष्टी त्यांना एकाएकी इंग्रजी नावांनी भेटतात, आणि येत असलेले उत्तरही ती वर्गात बोलून दाखवत नाहीत. दोन्ही भाषांतल्या शंभरेक संज्ञांचे एक पान पहिल्या आठवड्यातच प्रत्येकाच्या वहीत चिकटवून घ्यावे आणि सप्टेंबरपर्यंत उत्तर कोणत्याही भाषेत स्वीकारावे. उशिरा प्रवेश घेणाऱ्यांसाठी याच दोन आठवड्यांचा सराव दोन पानांत तयार ठेवला, म्हणजे प्रत्येक नव्या फेरीनंतर मागे जावे लागत नाही.

मोल ही संकल्पना एकदा शिकवून संपत नाही, आणि माझ्या मते या वर्षातली दुसरी महत्त्वाची गोष्ट हीच आहे. दर आठवड्याच्या शेवटच्या तासिकेची पहिली दहा मिनिटे मोलच्या एका प्रश्नाला द्यावीत, मग त्या आठवड्यात प्रकरण कोणतेही चालू असो. त्यासाठी एकच पदार्थ वर्षभर सोबत ठेवला तर फार उपयोग होतो. कॅल्शिअम कार्बोनेट यासाठी उत्तम आहे, कारण ते घरोघरी पायाखाली असते. शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड आहे, आणि तिच्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले की फेस येतो. ऑगस्टमध्ये विचारावे, १० ग्रॅम कॅल्शिअम कार्बोनेट म्हणजे किती मोल आणि त्यापासून किती मोल कार्बन डायऑक्साइड मिळेल. उत्तर ०.१ मोल. वायूंच्या प्रकरणात हाच प्रश्न पुन्हा येतो: त्या वायूचे आकारमान २७ अंश सेल्सिअस तापमान आणि एक वातावरण दाबाला किती? आता उत्तर सुमारे २.४६ लिटर. समतोलात हेच संयुग बंद भांड्यात तापवले जाते आणि समतोल स्थिरांकाच्या सूत्रात फक्त कार्बन डायऑक्साइडचा दाब का येतो याची चर्चा होते. आवर्तसारणीच्या दुसऱ्या गणात ते चुनकळी आणि विरलेला चुना बनून येते. हायड्रोकार्बनमध्ये चुनकळी आणि कोक यांपासून कॅल्शिअम कार्बाइड आणि त्यावर पाण्याची क्रिया होऊन असेटिलीन, ६४ ग्रॅम कार्बाइडपासून २६ ग्रॅम, असा त्याचा प्रवास सेंद्रिय रसायनापर्यंत पोहोचतो. मार्चमध्ये विद्यार्थ्याला सोळा सुटी प्रकरणे न दिसता त्यांना जोडणारा एक धागा दिसू लागतो.

मोल शिकवताना दोन गोष्टी सुरुवातीलाच स्पष्ट कराव्यात. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्या थेट संख्येवर आधारलेली आहे: ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३वा घात इतके कण. जुन्या संदर्भपुस्तकांत ती १२ ग्रॅम कार्बन-१२ वरून दिलेली आढळते. दुसरे, एक मोल आदर्श वायूचे आकारमान ० अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबाला २२.४ लिटर असते, तर एक बार दाबाला २२.७ लिटर. राज्य मंडळाच्या पुस्तकासोबत एनसीईआरटीचे पुस्तक वाचणाऱ्या मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो. आपण कोणता दाब धरतो आहोत हे प्रत्येक गणितात लिहायची सवय लावली की तो गोंधळ मिटतो.

अणुसंरचनेत वेळ वाया जाण्याचा धोका सर्वाधिक असतो. थॉमसनपासून बोरपर्यंतचा इतिहास रंजक आहे, दहावीपर्यंत त्यातला बराचसा झालेलाही असतो, आणि शिक्षक त्यात रमतो. त्याला दोन तासिका पुरेत. उरलेल्या सहा क्वांटम अंक, कक्षकांचे आकार आणि इलेक्ट्रॉन संरूपण यांना द्याव्यात, कारण पुढचे संकरण, म्हणजे कक्षकांचे एकमेकांत मिसळणे, त्यावर उभे असते.

प्रयोगशाळेचे नियोजन ऋतू पाहून करावे

प्रात्यक्षिकांची यादी सिद्धांताशी जुळवावीच, पण आपल्या हवामानाशीही जुळवावी. पावसाळ्यात सोडिअम हायड्रॉक्साइडचे दाणे बाटली उघडताच हवेतली आर्द्रता ओढतात आणि तराजूच्या पारड्यातच ओले होतात. याचा फायदा करून घ्यावा. सोडिअम हायड्रॉक्साइडचे प्रमाणित द्रावण थेट वजन करून का बनवता येत नाही, हे जुलै-ऑगस्टमध्ये डोळ्यांनी दिसते. मग ऑक्झॅलिक आम्लाचे २५० मिलिलिटर ०.१ मोलर द्रावण प्रत्येकाने स्वतः बनवावे. स्फटिकजलासह त्याचे मोलर वस्तुमान १२६, म्हणून ३.१५ ग्रॅम. फिनॉल्फ्थॅलिन हा दर्शक घालून केलेले पहिले अनुमापन (एक द्रावण ब्युरेटमधून थेंबाथेंबाने सोडून दुसऱ्याचे मापन) आणि वर्गातले मोलॅरिटीचे गणित एकाच आठवड्यात यावे. ते एकदा जुळले की अनेक मुलांच्या मनातली मोलची भीती निघून जाते, आणि त्यासाठी वेळापत्रक बदलून घ्यावे लागले तरी ते बदलून घ्यावे.

ऑक्टोबरमध्ये रेडॉक्सच्या जोडीला पोटॅशिअम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचे अनुमापन घ्यावे. ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणात विरल सल्फ्युरिक आम्ल घालून ते साधारण ६० ते ७० अंशांपर्यंत तापवावे लागते, वेगळा दर्शक लागत नाही, आणि दोन मोल परमँगनेटला पाच मोल ऑक्झॅलेट हे प्रमाण फळ्यावरच्या संतुलित समीकरणातून ब्युरेटच्या वाचनापर्यंत तपासता येते. तुरटी किंवा मोरचूद यांचे स्फटिक करण्याचा प्रयोग मात्र दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेसाठी राखावा. पावसाळ्यात द्रावण दिवसेंदिवस तसेच राहते आणि मुले कंटाळतात. क्षारांचे गुणात्मक विश्लेषणही नोव्हेंबरपासून सुरू करावे, कारण हायड्रोजन सल्फाइडसारखा विषारी वायू हाताळताना धूरकपाट चालू आणि खिडक्या सताड उघड्या असणे आवश्यक असते; भर पावसात त्या बंद ठेवाव्या लागतात. नायट्रेटची तपकिरी वलयाची चाचणी पहिल्या वेळी शिक्षकानेच करून दाखवावी, कारण तिच्यात संहत सल्फ्युरिक आम्ल परीक्षानळीच्या कडेने हळूहळू सोडायचे असते.

ऊर्ध्वपातन, स्फटिकीकरण, वर्णलेखन यांचे तिसरे प्रकरण वर्गात शिकवण्याची गरज नाही. ते प्रयोगशाळेतच होते. शाईचे वर्णलेखन एका सत्रात होऊन जाते. रसायनांची मागणी मात्र जूनमध्येच, साठा नोंदवही आणि कपाट दोन्ही शेजारी ठेवून करावी. नोंदवहीत असलेली बाटली कपाटात रिकामी निघणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि ब्युरेटच्या गळक्या तोट्या प्रयोगशाळा सहायकांना विचारल्याशिवाय कळत नाहीत. हे नियोजन त्यांच्यासोबत बसूनच करावे.

दिवाळीनंतर

उरलेल्या ४६ तासिकांतल्या पहिल्या अठरा सेंद्रिय रसायनाच्या: मूलतत्त्वांना दहा, हायड्रोकार्बनना आठ. सत्र परीक्षेसाठी रासायनिक बंध नुकताच अभ्यासलेला असतो, संकरण आठवणीत असते, थंडीमुळे उपस्थितीही चांगली राहते. नामकरणाला तीनच तासिका द्याव्यात आणि पुढचा सराव रोज पाच मिनिटांचा ठेवावा. प्रेरण परिणाम, संस्पंदन, कार्बोकॅटायनची स्थिरता आणि वक्र बाण यांना मात्र अजिबात कात्री लावू नये. वक्र बाण इलेक्ट्रॉनांच्या जोडीपासून निघतो आणि तिच्या नव्या जागी पोहोचतो, ही एक शिस्त नोव्हेंबरमध्ये बसली तर बारावीचे निम्मे सेंद्रिय रसायन सोपे होते. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत अकरावीचा भार साधारण २० टक्केच असतो, असे पालक सांगतात आणि ते खरेही आहे. उरलेल्या ८० टक्क्यांतला बराच भाग या अठरा तासिकांवर उभा आहे, हे त्यांना पालकसभेत आकड्यांसह समजावून सांगावे.

त्यानंतर वायू आणि द्रव अवस्था सहा तासिका, समतोल सात, पहिल्या-दुसऱ्या आणि तेरा ते पंधरा गणांची मूलद्रव्ये मिळून सात, अधिशोषण (पृष्ठभागावर कण धरून ठेवले जाणे) आणि कलिले (माध्यमात तरंगत राहणारे अतिसूक्ष्म कण) तीन, केंद्रकीय रसायन तीन, दैनंदिन जीवनातील रसायन दोन. गणांच्या प्रकरणांतली माहिती बरीचशी वाचून येण्यासारखी असल्यामुळे ती विद्यार्थ्यांना सुट्टीत वाचायला द्यावी आणि तासिका फक्त कलांची कारणे व अपवाद यांवर खर्च कराव्यात. केंद्रकीय रसायन फेब्रुवारीसाठी चांगले, कारण ते कोणत्याही दुसऱ्या प्रकरणाला अडवत नाही आणि अर्धायुष्याची गणिते बदली शिक्षकही घेऊ शकतो.

अधिशोषणाच्या तीन तासिका जानेवारीत, गाळप हंगाम चालू असताना याव्यात. उसाच्या पट्ट्यातल्या महाविद्यालयांना साखर कारखाना जवळच असतो. तिथे उसाच्या रसात चुन्याचे दूध, म्हणजे पाण्यात कालवलेला विरलेला चुना, आणि सल्फर डायऑक्साइड सोडतात, कॅल्शिअम सल्फाइटचा साका तयार होतो आणि तो रसातली कलिली अशुद्धी सोबत घेऊन खाली बसतो. एका भेटीत आम्ल-आम्लारी अभिक्रिया, अवक्षेपण, अधिशोषण आणि कलिले एकत्र दिसतात. परवानगीचे पत्र डिसेंबरच्या सुरुवातीलाच द्यावे आणि भेटीनंतर मळीपासून इथेनॉल कसे मिळते यावर प्रत्येकाकडून एक पान लिहून घ्यावे.

मार्चमध्ये वार्षिक परीक्षेची, म्हणजे ७० गुणांच्या लेखी आणि ३० गुणांच्या प्रात्यक्षिकाची तयारी सुरू होते. मोकळ्या ठेवलेल्या तासिकांपैकी उरलेल्या इथे समतोल आणि वक्र बाण यांच्या उजळणीला द्याव्यात, कारण बारावीच्या सुरुवातीच्या आठवड्यांत आयनिक समतोल येतो. त्याच सुमारास नियोजनाच्या कागदावर प्रत्येक प्रकरणासमोर लाल शाईने प्रत्यक्ष लागलेल्या तासिका लिहाव्यात आणि कोणता प्रयोग कोणत्या कारणाने रद्द झाला याची नोंद करून तो कागद साठा नोंदवहीतच ठेवावा, म्हणजे जूनमध्ये मागणी करताना तो आपोआप हाती येतो.